मल्लांचे व विद्यार्थ्यांचे पालक : राजर्षि शाहू छत्रपति

जगांत द्रव्य मिळविणें कठीण आहे, मिळविलेलें राखणें त्याहून कठीण आहे. परंतु राखलेलें द्रव्य योग्य माणसास, योग्य वेळीं आणि योग्य प्रमाणांत वांटून देणें हें सर्वांत कठीण आहे. एकास अधिक दिलें तर दहाजणांच्या मनांत शल्य राहतें. दहाहि जणांस सारखें दिलें तर एकाचेंहि काम पुरें होत नाहीं. शाळेंतील नादारी, महाविद्यालयांतील शिष्यवृत्ति आणि तालमींतील खुराक या तिन्ही गोष्टी वरवर निरनिराळ्या दिसल्या, तरी त्यांच्या मुळाशीं हाच एक प्रश्न उभा असतो. मदत थोडी, मागणारे पुष्कळ. मग द्यावयाचें कोणास, आणि किती?

करवीर संस्थानचे अधिपति श्रीमंत शाहू छत्रपति महाराज यांचें आयुष्य या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत गेलें असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. त्यांचें नांव आपल्या नगरींत लहानथोर सर्वांच्या जिभेवर आहे. त्यांच्या चरित्राच्या अनेक बाजू अनेकांनीं वर्णिल्या आहेत. प्रस्तुत लेखांत मात्र मल्लांचा व विद्यार्थ्यांचा पोशिंदा या एकाच नात्यानें त्यांच्या चरित्राकडे पाहण्याचें योजिलें आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला. त्यांचें मूळचें नांव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार, व मातोश्री राधाबाई या मुधोळच्या राजघराण्यांतील. करवीरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ सालीं अहमदनगर येथें निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेब यांनीं १७ मार्च १८८४ रोजीं यशवंतरावांस दत्तक घेतलें, आणि दहा वर्षांचा हा मुलगा शाहू या नांवानें छत्रपतींच्या गादीचा धनी झाला. आईचें छत्र त्यांच्या बालपणींच नाहींसें झालें होतें, आणि पुढें थोड्याच वर्षांत वडीलहि गेले.

त्यांचें शिक्षण प्रथम राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयांत व पुढें धारवाड येथें फ्रेजर साहेबांच्या देखरेखीखालीं झालें. १८९१ सालीं बडोद्याच्या खानविलकर घराण्यांतील लक्ष्मीबाई यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि २ एप्रिल १८९४ रोजीं राज्यकारभाराचे सर्व अधिकार त्यांच्या हातीं आले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. भव्य देह, दांडगी ताकद आणि मैदानी खेळांचा छंद हें त्यांचें तारुण्यांतील रूप होतें. शिकारीचा नाद त्यांना होता, घोड्यांची व हत्तींची पारख होती. पण या सर्वांहून त्यांचें मन अधिक रमे तें तालमींत. कुस्ती ते नुसते पाहत नसत. ती त्यांनीं स्वतः केली होती. म्हणूनच मल्लाच्या अंगावरील घामाची किंमत त्यांना दुसऱ्या कोणी सांगावी लागत नसे.

ही किंमत खरोखर किती असते, हें ज्यानें तालीम पाहिली नाहीं त्यास सहसा समजत नाहीं. पहांटे उठून शेंकड्यांनीं जोर व बैठका काढावयाच्या, हौद्यांतील माती खोऱ्यानें उकरून मऊ करावयाची, वस्तादाच्या नजरेखालीं तासन्‌तास लढत करावयाची, आणि सायंकाळीं पुन्हा तेंच. त्या तांबड्या मातींत ताक, तेल, हळद व लिंबू घालून ती मुरवावी लागते. तिचा देखील खर्च आहे. पण खरा खर्च पोटाचा. दूध, तूप, बदाम आणि थंडाई यांवांचून मेहनत अंगीं लागत नाहीं. उलट मेहनतच देहाला खाऊन टाकते. गरीब शेतकऱ्याच्या घरीं जें दूध निघतें तें विकून मीठ-मिरची आणावी लागते. तेथें एकट्या पोराच्या वांट्यास रोज दोन-तीन शेर दूध कोठून यावें? म्हणून आपल्या प्रांतांत अंगपिंडाचीं मुलें गांवोगांव असूनहि, आश्रय नसल्यास त्यांतील बहुतेक नांगरामागेंच राहत. राजाश्रय ही या विद्येची हौस नव्हे. तो तिचा श्वास आहे.

महाराजांनीं हा आश्रय कसा वांटला, हें पाहण्याजोगें आहे. त्या काळीं मल्लविद्येंत पंजाबचा बोलबाला होता. महाराजांनीं उत्तरेकडील नामांकित मल्लांस कोल्हापुरांत बोलावून घेतलें, त्यांस राहावयास जागा व खुराक दिला. एखाद्यास वाटेल कीं, परक्यांवर हें द्रव्य उधळण्यापेक्षां घरच्या मुलांतच तें वांटलें असतें तर बरें झालें असतें. परंतु विद्या शिकावयाची ती आपल्याहून वरचढ असलेल्याकडूनच शिकावी लागते. पंजाबी मल्लांच्या अंगाला अंग लावून लढतां लढतां आपल्याकडील मुलांना नवे डाव, नवा दम आणि मुख्य म्हणजे नवी हिंमत मिळाली. एका मोठ्या मल्लावर केलेला खर्च अशा रीतीनें पन्नास लहान मल्लांच्या उपयोगीं पडला. दुसरीकडे शहरांतील पेठांतून आणि खेड्यापाड्यांतून तालमी उभ्या राहाव्यात म्हणून त्यांनीं उत्तेजन दिलें. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, मठ या तालमींचीं नांवें आज महाराष्ट्रांत सर्वत्र परिचित आहेत. शिखर उंच करावयाचें, पण पायाहि रुंद ठेवावयाचा, असा हा दुहेरी क्रम होता.

या आश्रयांत जातीचा अडसर त्यांनीं येऊं दिला नाहीं. मुसलमान मल्ल व मराठा मल्ल एकाच मातींत लोळले. इतकेंच नव्हे, तर अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मल्लांस त्यांनीं जाट पैलवान असें नांव दिलें, आणि ज्यांच्या सावलीचाहि विटाळ मानला जाई त्यांना मानाची जागा करून दिली. कुस्तींत शिवाशिव पाळतांच येत नाहीं. दोन मल्ल एकमेकांस भिडले कीं एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगास लागणारच. जी गोष्ट शेंकडों व्याख्यानांनीं साधली नसती ती या मातीनें सहज साधली.

महाराजांच्या या प्रेमाचें दृश्य स्मारक म्हणजे खासबागचें कुस्ती मैदान. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठीं महाराज विलायतेस गेले होते. त्या युरोपच्या प्रवासांत रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यांत आलें, आणि तसें एखादें मैदान आपल्या नगरींतहि असावें ही कल्पना तेथेंच त्यांच्या मनांत रुजली असें मानतात. १९१२ सालीं हें मैदान तयार झालें. मध्यभागीं हौदा, आणि त्याच्या सभोंवार वर वर चढत जाणारी वर्तुळाकार उतरण, अशी त्याची रचना आहे. मध्यें खांब नाहीं कीं आडोसा नाहीं. त्यामुळें हजारों लोक बसले तरी शेवटच्या रांगेंतील खेडुताला देखील लढत स्पष्ट दिसते. उद्घाटनाच्या वेळीं प्रसिद्ध गामा पैलवानाचा बंधु इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. ती पाहण्यास लोटलेल्या जनसमुदायाच्या आठवणी पुढें कित्येक वर्षें लोक सांगत असत.

आपल्याकडील कुस्ती मैदानाची रीतहि विचार करण्यासारखी आहे. आरंभीं अगदीं लहान मुलांच्या कुस्त्या लागतात. त्यांना किरकोळ इनाम मिळतें. मग उमेदीच्या तरुणांचे जोड, त्यांना त्याहून अधिक. आणि दिवस कलतां कलतां पहिल्या क्रमांकाचा जोड मैदानांत उतरतो, तेव्हां सर्वांत मोठें इनाम व मानाचा फेटा. म्हणजे वांटणी सारखी नसते, पण रित्या हातानें परत जाणारेहि फार नसतात. आज नारळावर समाधान मानणारा पोरगा उद्यां फेट्याची आशा करूं शकतो. ही आशाच पुढील वर्षभर त्याच्याकडून मेहनत करवून घेते.

आतां तालमींतून शाळेकडे वळूं. कारण महाराजांच्या मनांत या दोहोंमध्यें भिंत नव्हती. १८९६ सालीं राजाराम महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठीं एक सामायिक वसतिगृह काढण्यांत आलें. त्याचें दार सर्व जातींना खुलें होतें. हेतु उत्तम होता; पण थोड्याच काळांत असें दिसून आलें कीं, त्यांतील जागा बहुतेक ब्राह्मण विद्यार्थ्यांकडेच गेल्या आहेत. यांत त्या विद्यार्थ्यांचा अपराध नव्हता. ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या विद्या होती ते उंबरठ्यापर्यंत आधीं पोंचले; ज्यांच्या घरांत अक्षर नव्हतें त्यांना तें दार आपल्यासाठीं उघडें आहे हें ठाऊकहि झालें नाहीं. सर्वांस खुली असलेली मदत सर्वांस मिळतेच असें नाहीं, हा धडा महाराजांनीं या अनुभवावरून घेतला.

मग त्यांनीं निराळा मार्ग धरला. १८ एप्रिल १९०१ रोजीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. त्याच वर्षीं जैन विद्यार्थ्यांसाठीं व १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह निघालें. १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालें. पुढें लिंगायत, सारस्वत, दैवज्ञ, शिंपी इत्यादि समाजांचीं वसतिगृहें होत गेलीं, आणि कोल्हापूर हें वसतिगृहांचें माहेरघर ठरलें. दरबारानें जागा द्यावी, इमारतीस व वार्षिक खर्चास हातभार लावावा, आणि त्या त्या समाजांतील पुढाऱ्यांनीं आपल्या मुलांची व्यवस्था पाहावी, अशी ही योजना होती. जातवार वसतिगृहें काढल्यानें जातिभेद वाढेल असा आक्षेप तेव्हांहि घेतला गेला, आणि तो अगदींच निराधार होता असें म्हणतां येत नाहीं. परंतु खेड्यांतून आलेल्या मुलास प्रथम डोक्यावर छप्पर व पोटांत अन्न हवें होतें. तें मिळाल्यावर वर्गांतल्या एकाच बांकावर सर्व जातींचीं मुलें बसूं लागलीं, हेंहि तितकेंच खरें.

नोकऱ्यांच्या बाबतींतहि हाच विचार दिसतो. महाराज गादीवर आले तेव्हां संस्थानच्या सामान्य कारभारांतील ७१ जागांपैकीं ६० जागा एकाच समाजाकडे होत्या. २६ जुलै १९०२ रोजीं, महाराज विलायतेंत असतांना, करवीर सरकारच्या गॅझेटांत एक हुकूम प्रसिद्ध झाला. त्याअन्वयें पुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्यांत आल्या. या हुकुमानें मोठें वादळ उठलें. ज्यांच्या ताटांतील घांस कमी होतो त्यांना वांटणी अन्यायाची वाटणें स्वाभाविकच आहे. महाराजांनीं टीका पुष्कळ सोसली, पण हुकूम मागें घेतला नाहीं.

१९१७ सालीं त्यांनीं याहून मोठें पाऊल टाकलें. प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम निघाला. मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. शिष्यवृत्ति ही निवडक मुलांना द्यावयाची असते. पण निवडावयाचें कोणांतून? ज्यांनीं पाटीला हातच लावला नाहीं त्यांच्यांतून निवड व्हावी कशी? आधीं सर्वांना हौद्यांत उतरवावयाचें, मग जोड लावावयाचे, हा तालमीचाच नियम त्यांनीं शाळेस लाविला असें म्हणावयास हरकत नाहीं. १९१९ सालीं कानपूर येथील कुर्मी क्षत्रिय परिषदेंत त्यांस राजर्षि ही पदवी देण्यांत आली. १९२० च्या मार्च महिन्यांत माणगांव येथें भरलेल्या परिषदेस ते स्वतः हजर राहिले, आणि तरुण डॉक्टर आंबेडकरांच्या पाठीशीं जाहीरपणें उभे राहिले.

येथें एक शंका कोणाच्याहि मनांत येईल. त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभींच दुष्काळ व प्लेग यांनीं संस्थान होरपळून निघालें होतें. शाळा, धरण, गिरणी अशीं खर्चाचीं मोठमोठीं कामें चालू होतीं. अशा स्थितींत पैलवानांच्या दुधातुपावर पैसा खर्च करणें योग्य होतें काय? शंका रास्त आहे. पण ज्या समाजास शेंकडों वर्षें खालीं मान घालून वावरण्याची संवय लागली होती, त्यांतील एखादा मुलगा हजारों लोकांच्या टाळ्यांत मैदानांतून ताठ मानेनें बाहेर पडतो, तेव्हां त्याच्याबरोबर त्याचा सारा गांव मान वर करतो. पुस्तकानें मिळणारी प्रतिष्ठा यावयास एक पिढी लागते. कुस्तीनें मिळणारी प्रतिष्ठा एका दुपारीं मिळते. मात्र ती टिकतेहि थोडेच दिवस. तिशी उलटली कीं मल्लाचा दम कमी होऊं लागतो, खुराक बंद होतो, आणि हातांत दुसरी विद्या नसेल तर कालचा वीर आज दारोदार फिरतो. महाराजांच्या राज्यांत तालीम व शाळा या दोन्ही संस्था शेजारीं शेजारीं वाढल्या. परंतु एकाच मुलाच्या अंगीं दोन्ही विद्या याव्यात अशी व्यवस्था होण्यास पुढचा काळ उजाडावा लागला.

६ मे १९२२ रोजीं मुंबई येथें महाराजांचें देहावसान झालें. त्यांचें वय अवघें ४७ वर्षांचें होतें. त्यांच्या मागें राजाराम महाराजांनीं तालमींचा आश्रय चालू ठेवला.

या आश्रयाचें फळ कसें आलें, आणि तो आटल्यावर काय झालें, हें कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधव यांच्या उदाहरणावरून कळतें. १९२६ सालीं जन्मलेले खाशाबा हे राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. म्हणजे तालीम व वर्ग या दोन्ही ठिकाणीं वाढलेले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस ते गेले तेव्हां कोल्हापूरच्या महाराजांनीं त्यांस साहाय्य केलें, आणि त्यांनीं आपल्या वजनगटांत सहावा क्रमांक मिळविला. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि राजाश्रयाचा झरा आटला. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें तर पैसा कोठून आणावा? गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, आणि महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं बँटमवेट गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर त्यांनीं कुस्तीचीं मैदानें भरवून गुरूंचें ऋण फेडलें.

या प्रसंगाचें कौतुक करतांना त्यांतील धोका विसरूं नये. ज्या देशांत मल्लाचें भवितव्य एका सज्जनाच्या घराच्या कागदावर अवलंबून राहतें, त्या देशांत असे किती खाशाबा सज्जन न भेटल्यामुळें घरींच राहिले असतील! त्यासाठीं नियमानें मिळणारी मदत हवी. अमेरिकेंतील महाविद्यालयांत अशी पद्धति आहे. तेथें वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयांतील पुरुषांच्या कुस्तीसंघास ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांहून अधिक देतां येत नसत. वजनगट दहा, आणि संघांत मल्ल तिसांच्या घरांत. म्हणून कुस्तीशिक्षक एका शिष्यवृत्तीचे तुकडे करून वांटी. एखाद्यास पुरी, कोणास अर्धी, कोणास चतुर्थांश, आणि कित्येकांस कांहींच नाहीं. २०२५ सालापासून नव्या व्यवस्थेंत ही मर्यादा शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर न ठेवतां संघांतील मल्लांच्या संख्येवर, म्हणजे तिसांवर, आणली गेली. नियम बदलला, तरी देणाऱ्याचा पेंच सुटला नाहीं. मदत मोजकी असेपर्यंत कोणास तरी कमी पडणारच. मात्र नियम लिहिलेला असला म्हणजे आपणांस कमी कां मिळालें, हें विचारण्याचा हक्क प्रत्येक मल्लास राहतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकीं कोणास नादारी मिळते, कोणास शिष्यवृत्ति मिळते, आणि कोणास दोन्ही मिळत नाहींत. ज्यांस मिळते त्यांनीं ती आपल्या गुणांचें केवळ बक्षीस समजूं नये. ती दुसऱ्या कोणाच्या तरी ताटांतून वांचलेली भाकर आहे, आणि तिचा घांस घेतांना मेहनतीची आठवण ठेविली पाहिजे. ज्यांस मिळत नाहीं त्यांनीं मैदान सोडूं नये. आणि पुढें मोठे होऊन ज्यांच्या हातीं वांटणी येईल, त्यांनीं दार उघडें आहे एवढ्यावर समाधान न मानतां, दारापर्यंत कोण पोंचलेंच नाहीं हें बाहेर जाऊन पाहावें. खासबागेच्या उतरणीवर शेवटच्या रांगेंत बसलेल्या माणसालाहि हौदा दिसतो. ज्या राजानें तें मैदान बांधलें त्याची दृष्टि त्या शेवटच्या रांगेवर होती.